भरलेली आहे, पण टिकेल का?

गाडीची बॅटरी मरते मे महिन्यात आणि मालकाला कळतं डिसेंबरात. बॅटरीच्या धंद्यात केस पांढरे झालेली माणसं हे आपापल्या शब्दांत सांगतात, पण सांगतात हेच. निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास घसरला की त्या पट्ट्यातल्या गाड्या सकाळी सेल्फ मारताना कण्हू लागतात. एखादी नुसतीच ‘खट्’ करून गप्प बसते. मालक थंडीला दोष देतो. थंडीचा वाटा असतोच. शून्य अंशाजवळ बॅटरीची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते आणि नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळे ते फिरवायला जास्त जोर लागतो. पण धडधाकट बॅटरी एवढं सहज पेलते. लेहमध्ये उणे तापमानातही गाड्या सुरू होतातच. जी पेलत नाही, तिचं जे काही व्हायचं ते आधीच्या उन्हाळ्यात, बॉनेटखाली, सिग्नलला उभं राहून झालेलं असतं.

डबा उघडून आत पाहिलं तर गोष्ट फार जुनी आहे. सहा कप्पे, प्रत्येकातून सुमारे २.१ व्होल्ट. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या जाळीच्या प्लेटा, काहींवर लेड डायऑक्साइडचा लेप, काहींवर सच्छिद्र शिसं आणि सगळं बुडालेलं पातळ केलेल्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने १८५९ साली ही जोडी जमवली. १८८१ मध्ये कामीय फोरने प्लेटवर शिशाच्या संयुगांचा लेप थापायची युक्ती काढली आणि कारखान्यात बॅटऱ्या बनवणं परवडू लागलं. मोटारीत तिला मानाची जागा मिळाली ती १९१२ मध्ये, जेव्हा चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. त्याआधी समोर उभं राहून हँडल मारावं लागे. आपल्याकडे हँडलने पुढेही बराच काळ साथ दिली. अँबॅसिडरच्या डिकीत ते पडलेलं असायचं आणि बॅटरी उतरली तर घरातला एखादा काका शर्टाच्या बाह्या सरसावून पुढे यायचा. आताच्या गाडीला हँडल घालायला भोकच नाही, आणि ऑटोमॅटिक असेल तर धक्का मारूनही उपयोग नाही. म्हणजे सगळा भार त्या डब्यावर.

उष्णतेचं गणित सरळ आहे. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम बॅटरीलाही लागू पडतो. धन प्लेटची जाळी अ‍ॅसिडमध्ये हळूहळू गंजत असते. पंचवीस अंशांना जी झीज दोन वर्षांत होईल, ती पस्तीस अंशांना वर्षभरात. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीसच्या वर पारा असतो. तशात ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली साठ अंश आणि त्याहून अधिक सहज भरतात. पाणी उडतं, जाळी फुगते, लेप सुटून तळाला पडतो. काही जर्मन कंपन्या बॅटरी मागे डिकीत ठेवतात त्याला वजनाचा तोल हे एक कारण आहे, आणि इंजिनाच्या भट्टीपासून लांब राहणं हे दुसरं. आपल्या छोट्या गाड्यांत ती बिचारी इंजिनाशेजारीच असते. काहींमध्ये तिला एक जाड जाकीट घातलेलं दिसतं. सर्व्हिसिंगच्या वेळी ते काढून बाजूला ठेवतात आणि पुन्हा घालायचं राहून जातं. गाडी परत घेताना तेवढं बघून घ्यावं.

म्हणूनच ‘बॅटरी किती वर्षं जाते’ या प्रश्नाला एकच आकडा सांगणारा माणूस एक तर घाईत असतो किंवा विकायला बसलेला असतो. आपल्याकडच्या खासगी गाडीत साधारण तीन ते पाच वर्षं हे खरं. पण महाबळेश्वरच्या गाडीला सहावं वर्ष लागू शकतं आणि वर्ध्याच्या गाडीला तिसऱ्यातच धाप लागू शकते. रोज तीस-चाळीस किलोमीटर हायवेवर जाणारी बॅटरी, त्याच गावात रोज दोन किलोमीटरवर भाजीला जाणाऱ्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते. गाडी जितकी कमी वापरू तितकी बॅटरी टिकेल, असा अनेकांचा समज असतो. तो उलटा आहे.

नागपुरात अमरावती रोडला वाडीकडे जाताना बॅटरीची दुकानं लागतात. त्यातल्या एकात भर उन्हाळ्यात दुपारी तासभर बसलं की सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडतो. एक निवृत्त मास्तर हॅचबॅक घेऊन आले. बरोबर घरचा मल्टिमीटर. म्हणाले, “भाऊ, साडेबारा व्होल्ट दाखवतो. मग काहून बदलायची?” दुकानदाराने वाद घातला नाही. मीटरच्या दोन्ही काड्या टर्मिनलला लावून धरल्या, स्क्रीन मास्तरांकडे वळवली आणि आपल्या पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. १२.५ चा आकडा क्षणात ८.७ वर कोसळला, इंजिन दोनदा घोगरं होऊन कसंबसं सुरू झालं आणि आकडा पुन्हा चौदाकडे चढला. “काका, व्होल्ट सगळ्याच दाखवतात,” तो म्हणाला, “वजन उचलते का ते बघा.” मास्तरांनी मीटर हातात घेतला, काड्या नीट गुंडाळल्या आणि किंमत विचारली.

सगळी मेख इथेच आहे. बॅटरी भरलेली असणं आणि बॅटरी धडधाकट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि साधा मीटर फक्त पहिली दाखवतो. पावसाळ्यात ‘धरण शंभर टक्के भरलं’ अशी बातमी येते. ती खोटी नसते, पण तळाला वर्षानुवर्षांचा गाळ बसला असेल तर शंभर टक्क्यांतलं पाणी बांधकामाच्या वेळेइतकं नसतं. बॅटरीतला गाळ म्हणजे लेड सल्फेट. बॅटरीने वीज दिली की दोन्ही प्लेटांवर सल्फेट तयार होतं, हा नेहमीचाच व्यवहार. पुन्हा चार्ज केलं की ते विरघळतं. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली तर त्या मऊ थराचे टणक स्फटिक होतात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कामातून गेली. उरलेली प्लेट पूर्ण भरते, मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, पण ती थोडक्यातच रिकामी होते.

तरी मल्टिमीटर निरुपयोगी नाही. तो कधी आणि कसा लावायचा ते कळलं पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॉनेट उघडून, दारं लावून पाचदहा मिनिटं थांबा, म्हणजे जागे झालेले कॉम्प्युटर पुन्हा झोपतील. आता १२.६ किंवा त्याहून जास्त असेल तर बॅटरी पूर्ण भरली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ ला तर ती जवळजवळ रिकामीच. बरीच माणसं इथे फसतात, कारण ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते, म्हणजे ठीक’ असं वाटणं स्वाभाविक आहे. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीवर मोजलं तर वरवरच्या चार्जमुळे आकडा फुगलेला येतो. घाई असेल तर अर्धा मिनिट हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा. त्यानंतर घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा किती खाली जातो ते पाहा. चांगली बॅटरी दहाच्या वर राहते. साडेनऊच्या खाली घसरली आणि आधी ती पूर्ण भरलेली होती, तर तिचे दिवस भरत आले. इंजिन सुरू झाल्यावर सुमारे १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेरादेखील होत नसेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असू शकतो आणि नवी बॅटरी घालून काही साधणार नाही. तीही महिन्याभरात उतरेल. एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. कितीही चार्ज केलं तरी साडेदहाच्या आसपासच अडकते, असं झालं तर सहापैकी एक सेल गेला. बाकीचे पाच ठणठणीत असले तरी डबा भंगारात.

बॅटरीच्या माथ्यावर जो छोटा गोल डोळा असतो, हिरवा म्हणजे उत्तम आणि काळा म्हणजे चार्ज करा, त्याच्यावर लोकांचा फार विश्वास. तो डोळा म्हणजे एक चिमुकला हायड्रोमीटर; अ‍ॅसिडची घनता पाहून रंग दाखवतो. आणि तो एकाच कप्प्यात बसवलेला असतो. उरलेल्या पाचांचं काय चाललंय, त्याला पत्ता नाही.

दुकानातलं हातात मावणारं मशीन यापुढे जातं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक कीथ चॅम्प्लिन यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत काढली. बॅटरीवर मोठा भार टाकून तिला दमवण्याऐवजी तिच्यातून अगदी लहानसा उलटसुलट विद्युत संकेत पाठवायचा आणि तो किती सहज पार होतो ते मोजायचं. प्लेटांचा जितका भाग जिवंत, तितकी वाट मोकळी. जुना लोड टेस्टर आठवतो का, ज्याच्या तारेची कॉइल लालबुंद व्हायची आणि पोरं लांब उभी राहायची? तो खरं तर फार प्रामाणिक होता. बॅटरीच्या ताकदीच्या निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा आणि व्होल्ट ९.६ च्या खाली गेले की नापास. पण त्यासाठी बॅटरी आधी पूर्ण चार्ज असावी लागते, आणि गिऱ्हाइकाला तेवढा वेळ नसतो. नवं मशीन अर्ध्या मिनिटात चिठ्ठी छापून देतं: ‘गुड’, ‘गुड रिचार्ज’, ‘चार्ज अँड रिटेस्ट’, ‘रिप्लेस’, ‘बॅड सेल’.

चिठ्ठीवर विसंबण्याआधी मशीनला काय सांगितलं होतं, ते विचारायला हवं. चाचणीपूर्वी बॅटरीचा छापील सीसीए आकडा त्यात भरावा लागतो. सीसीए म्हणजे उणे अठरा अंश थंडीत तीस सेकंद बॅटरी किती अँपिअर देऊ शकते त्याचं माप. हे माप उत्तर अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी ठरलं. आपल्याला त्या थंडीशी फारसं देणंघेणं नाही, पण नव्या बॅटरीशी तुलना करायला आकडा सोयीचा आहे. आता समजा, तुमच्या बॅटरीवर ३२० छापलं आहे आणि मशीनमध्ये कुणी ४५० भरले. बॅटरी ठणठणीत असली तरी चिठ्ठी ‘रिप्लेस’ म्हणेल. उलट, जुनी गाडी विकताना २०० भरले तर मेलेली बॅटरीही ‘गुड’ ठरेल. मानकाचं नाव चुकीचं निवडलं, जपानी जेआयएसऐवजी युरोपीय ईएन, तरी आकडे हलतात. प्रत्येक दुकानदार लबाडी करतो असं मुळीच नाही. बरेचदा आधीच्या गाडीचा आकडा तसाच राहिलेला असतो. चाचणीच्या वेळी शेजारी उभं राहून स्क्रीन पाहिली की प्रश्न मिटतो. आणि ‘चार्ज अँड रिटेस्ट’ आलं तर त्याचा अर्थ तेवढाच आहे: उतरलेल्या बॅटरीची तब्येत या मशीनला नीट कळत नाही. ती चिठ्ठी दाखवून नवी बॅटरी गळ्यात मारणारा भेटला तर दुसऱ्या दुकानात जावं.

बॅटरीच्या अंगावरचा कोडही वाचता आला तर बरं. ‘३८बी२०एल’ मधले ३८ म्हणजे ताकदीचा क्रमांक, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी साधारण वीस सेंटिमीटर, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. ते अक्षर चुकलं तर गाडीतली केबल पोचत नाही. मग कुणीतरी ती ताणून बसवतं आणि पुढच्या खड्ड्यापर्यंत सगळं ठीक चालतं.

२०२० च्या मार्चअखेरीस देश बंद झाला आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या दोन-दोन महिने जागच्या हलल्या नाहीत. जूनमध्ये बॅटरीवाल्यांचे फोन थांबेनात. मालकांना कळेना की गाडी बंद होती, मग बॅटरी कशी उतरली. उत्तर साध्या गुणाकारात होतं. आजची गाडी लॉक करून गेलात तरी झोपत नाही. रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, कंपनीशी बोलणारं सिमकार्ड, यांना मिळून सतत पंचवीस-तीस मिलिअँपिअर लागतात. पंचवीस धरले तरी दिवसाला ०.६ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची; अठ्ठावन्न दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ मारण्याइतकं बळ त्याच्या बरंच आधी संपलेलं. चोवीस तास चालणारा डॅशकॅम बसवला असेल तर हा हिशेब दिवसांवर येतो. शिवाय बॅटरी स्वतःहूनही थोडी थोडी उतरते आणि उन्हाळ्यात तेही वेगाने.

त्या काळात एक सल्ला घरोघर फिरला, आजही फिरतो: रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवा. माझ्या मते बॅटरीला इतका निरुपयोगी आणि शेजाऱ्यांना इतका त्रासदायक सल्ला दुसरा नसेल. एका सेल्फला लागणारी वीज खरं तर फार थोडी. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे अँपिअर-तासाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ती पाच मिनिटांत भरते, हे खरं. पण मागे साचलेली तूट भरत नाही. जागेवर उभ्या इंजिनाचा अल्टरनेटर कमी फेऱ्यांत फारशी वीज बनवत नाही. त्यात एसी, पंखा, दिवे लावले की हाती काय उरणार? त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी काढावी. महिनाभर परदेशी मुलाकडे जायचं असेल तर ऋण टर्मिनल काढून ठेवावं, किंवा पार्किंगमध्ये प्लग असेल तर एक छोटा मेंटेनन्स चार्जर लावून जावं. टर्मिनल काढण्याआधी किल्लीने दार उघडता येतं का ते बघा; नाहीतर गाडी बाहेर लॉक आणि बॉनेटची खटकी आत, असा प्रसंग येतो.

गेल्या दहा वर्षांत बॅटरीवरचा भार आणखी एका बाजूने वाढला आहे. इंधन वाचवण्याच्या नियमांचा पहिला टप्पा २०१७ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये आला, तसे सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी इंजिनं आणि ‘स्मार्ट’ अल्टरनेटर वाढत गेले. पूर्वीचा अल्टरनेटर इंजिन चालू असेल तोवर बॅटरी भरत राहायचा. आताचा पेट्रोल वाचवण्यासाठी मधेच हात आखडता घेतो, आणि ब्रेक मारल्यावर फुकट मिळणारी वीज साठवायला जागा हवी म्हणून बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. म्हणजे जी अवस्था साध्या बॅटरीला मारते, ती अर्धवट भरलेली अवस्था, या गाड्यांत रोजची झाली. म्हणूनच त्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीची जास्त दमदार आणि जास्त महाग बॅटरी लागते. एजीएममध्ये अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ही बॅटरी गेली की दुकानदार हमखास विचारतो, “साधी टाकू का? निम्म्यात होईल.” होते बसवून. गाडी सुरूही होते. पण सिग्नलला बंद-चालूचा उद्योग चालला तर ती साधी बॅटरी वर्षभरात हात टेकते. ज्यांनी ते बटण कायम बंद ठेवायचं ठरवलं आहे त्यांनी काय करावं, यावर मेकॅनिकांतच एकमत नाही. मला तरी कंपनीने दिलेली जातच पुन्हा घेणं शहाणपणाचं वाटतं. काही महागड्या गाड्यांत तर बॅटरी बदलल्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, नाहीतर गाडी नव्या बॅटरीलाही म्हातारी समजून चार्ज करत राहते.

वॉरंटीचे आकडे ऐकताना अधिकचं चिन्ह नीट ऐकावं. ‘चोवीस अधिक चोवीस’ म्हणजे चार वर्षं फुकट नव्हेत. पहिले चोवीस महिने बदलून मिळते. पुढच्या चोवीसात उरलेल्या काळाच्या प्रमाणात किमतीत सूट. टॅक्सीला हीच बॅटरी लावली तर मुदत बरीच कमी. आणि बॅटरी नुसती उतरली असेल तर तो दोष धरला जात नाही. चार्ज करून परत देतात, ते बरोबरही आहे. नवी घेताना अंगावरची तारीख बघावी. सहा महिने दुकानाच्या फळीवर उन्हात बसलेली बॅटरी नवी नव्हे.

जुनी परत दिली की किमतीत सूट मिळते, याचं कारण शिसं. डब्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिशाचाच असतो आणि ते पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं. जगात इतक्या पूर्णपणे पुनर्वापरात येणाऱ्या वस्तू थोड्याच. गाडीच्या नव्या बॅटरीतलं शिसं कधीकाळी कुणाच्या तरी जुन्या बॅटरीत असण्याची शक्यता मोठी. पण याच व्यवहाराची एक काळी बाजू आहे. भंगारवाला जास्त पैसे देतो, कारण त्याच्यामागे असलेली उघड्यावरची भट्टी अ‍ॅसिड गटारात सोडते आणि धूर वस्तीत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक पातळीवर होतं, आणि बॅटऱ्या अशा तऱ्हेने फोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गिऱ्हाइकाच्या हातात एवढंच आहे की दोनतीनशे रुपयांसाठी ती हातगाडीवर न देता दुकानात जमा करायची आणि बिलात तशी नोंद घ्यायची.

आता इलेक्ट्रिक गाड्या. इथे बॅटरी म्हणजे निम्मी गाडीच, त्यामुळे तब्येतीचा प्रश्न लाखांत जातो. रांजणगावात बनणारी टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. ती पहिली खेप आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागली आहे. विकणारा म्हणतो, फुल चार्ज दाखवते. धरणाच्या बातमीसारखंच.

उष्णतेचा धडा या बॅटऱ्यांनीही गिरवला आहे, आणि तो जाहीरपणे. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या फीनिक्स शहरात निस्सान लीफ गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या बारा पट्ट्या एकेक करून विझायला लागल्या. गाड्या जेमतेम दीडदोन वर्षांच्या. त्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती आणि फीनिक्सचा उन्हाळा चंद्रपूरच्या उन्हाळ्याशी बरोबरी करणारा. मालकांनी आवाज उठवला आणि निस्सानला पाच वर्षांत बारापैकी नऊ पट्ट्यांची हमी द्यावी लागली. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींत बॅटरीभोवती पाणी खेळवलेलं असतं, त्यात त्या गाड्यांचा मोठा वाटा आहे. जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये सुमारे दहा हजार गाड्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सरासरी घट वर्षाला १.८ टक्के निघाली. या वेगाने आठ वर्षांनी पंच्याऐंशी टक्के उरतात. सरासरी आहे ती. भर उन्हात उभी राहणारी आणि रोज फास्ट चार्जर लावणारी गाडी त्या सरासरीच्या वाईट बाजूला बसते.

या तब्येतीचा आकडा गाडीतच असतो, पण तो गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो, आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या बॅटरीत हा अंदाज चुकायला फार वाव आहे. तिचे व्होल्ट वीस टक्क्यांपासून नव्वदपर्यंत जवळजवळ सपाट राहतात. त्यामुळे कॉम्प्युटरला आपण कुठे आहोत ते समजण्यासाठी मधूनमधून तिला शंभरपर्यंत नेऊन द्यावं लागतं. वापरलेली गाडी घेताना सगळ्यात खात्रीचा उपाय अगदी घरगुती आहे. दहा टक्क्यांपर्यंत चालवून उतरवा, घरच्या संथ चार्जरवर शंभर करा आणि मीटरवर किती युनिट पडले ते लिहून ठेवा. ३०.२ युनिटांची बॅटरी दहापासून शंभरपर्यंत भरायला सत्तावीसच्या आसपास युनिट आत जातात आणि वाटेत दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे मीटरवर तीस-एकतीस पडायला हवेत. पंचवीसच पडले, तर भाव करायला तुमच्या हातात काहीतरी आलं. मालक एक रात्र थांबायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

नियमही हळूहळू या दिशेने येत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने २०२२ मध्ये ठरवलेल्या मानकात पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरला ऐंशी टक्के आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारला सत्तर टक्के क्षमता उरलीच पाहिजे अशी अट आहे. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक मोठ्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल.

आणि हे सगळं जमलं तरी एखाद्या सकाळी चारशे किलोमीटर रेंज असलेली इलेक्ट्रिक गाडी दारही उघडत नाही. टो करणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. मोठी बॅटरी गाडी बंद असताना सुरक्षेसाठी पूर्ण तोडून ठेवलेली असते. तिला जोडणारे मोठे रिले, लॉक, कॉम्प्युटर, सगळं चालतं ते बाजूला बसवलेल्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. बऱ्याच गाड्यांत ती अजून शिसं-अ‍ॅसिडचीच असते. काही कंपन्या आता लिथियमची देऊ लागल्या आहेत. तिला सेल्फ मारायचा नसतो, त्यामुळे ती कण्हून आगाऊ सूचना देत नाही, एक दिवस थेट बसते. तिची वॉरंटी मोठ्या बॅटरीच्या वॉरंटीत धरलेली नसते. वेगळी आणि बरीच लहान असते. सर्व्हिसिंगच्या यादीत तिची चाचणी असतेच असं नाही, सांगून करून घ्यावी लागते. तीन वर्षांनंतर दर उन्हाळा संपला की ती तपासावी. त्यासाठी वाडीच्या दुकानदाराकडचं तेच मशीन आणि अर्धा मिनिट पुरतो, फक्त आकडा बरोबर भरला पाहिजे.